पाचोळ्यातला कस्तूर

वाळलेल्या पानांत काही खसखसले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो सापाचा. मग सरड्याचा, मुंगसाचा, फार तर उंदराचा. पक्ष्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पक्षी म्हटला की आपण मान वर करून झाडाकडे पाहतो. परंतु काही पक्षी असे आहेत, की ते पाहायचे तर मान खालीच ठेवावी लागते. आज अशाच एका पक्ष्याची ओळख करून घेऊ.

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत आमच्या घरामागच्या परसात विहिरीजवळ एक जुना आंबा आहे. काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातील एक सकाळ. नुकतेच उजाडले होते. आंब्याखालच्या पाचोळ्यात खसखस झाली, थांबली, पुन्हा झाली. पाने एकेक करून बाजूला उडत होती, पण उडवणारा काही दिसत नव्हता. मी खिडकीपाशी मुळीच हालचाल न करता उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी सावलीतून एक पक्षी पुढे आला. डोके आणि पोट पिकलेल्या संत्र्यासारखे नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा ठिपका. त्याने चोचीने एक पान उलटे केले, मान किंचित तिरपी केली, क्षणभर थांबला आणि पानाखालचा किडा टिपला. नागपूरच्या संत्र्यांच्या मुलखात त्या रंगाचा पक्षी पाहून मला मोठी गंमत वाटली!

हा होता नारिंगी डोक्याचा कस्तूर.

ओळख कशी पटवावी?

कस्तूर आकाराने साळुंकीपेक्षा किंचित लहान असतो. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी सुमारे २१ ते २२ सेंटिमीटर भरते. नराची पाठ निळसर राखाडी, तर मादीच्या पाठीवर तपकिरी-हिरवट छटा असते.

या पक्ष्याच्या सुमारे डझनभर उपजाती आहेत. भारतीय उपखंडापासून दक्षिण चीन, जावा, बाली आणि बोर्निओपर्यंत त्या पसरल्या आहेत. आपल्या द्वीपकल्पात जी उपजात राहते, तिचा गळा व गाल पांढरे असतात आणि गालावरून दोन गडद उभे पट्टे खाली उतरतात. हिमालयात वीण करणाऱ्या उपजातीला असे पट्टे नसतात. तिचा चेहरा सारा नारिंगी असतो. ती हिवाळ्यात मैदानी प्रदेशात व त्याहून दक्षिणेला पार श्रीलंकेपर्यंत उतरते. म्हणजे हिवाळ्यात कस्तूर दिसला, तर आधी त्याचा गाल पाहावा. गालावर पट्टे असतील तर तो आपल्याच द्वीपकल्पातला, नसतील तर हिमालयातून आलेला पाहुणा. आमच्या आंब्याखालच्या पाहुण्याच्या गालावर पट्टे होते.

द्वीपकल्पातील कस्तूर सह्याद्री, सातपुडा आणि मध्य भारतातील झाडीत राहतो. पाऊस सुरू झाला की त्याची वीण सुरू होते. काटक्या, मुळे, पाने व शेवाळ यांचे पसरट वाटीसारखे घरटे नर व मादी मिळून बांधतात. ते फार उंच नसते. बहुधा माणसाच्या उंचीपासून दोन-अडीच पुरुष उंचीपर्यंत. त्यात तीन किंवा चार अंडी असतात. सुमारे दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात आणि आणखी जवळजवळ तेवढ्याच दिवसांत घरटे सोडतात.

गळा मात्र मोठा गोड! पहाटे आणि दिवस कलल्यावर कस्तूर पानांच्या दाटीत बसून गातो. मधूनच तो बुलबुलाची, सातभाईची किंवा शिंप्याची नक्कल करतो. एकाच पक्ष्याला इतके सूर कसे जमतात? आपले स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी, घशात असते. पक्ष्याचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी, जिथे तिला दोन फाटे फुटून त्या दोन फुप्फुसांकडे जातात तिथे असते. प्रत्येक फाट्यावर कंप पावणारे स्वतंत्र पडदे असतात. जणू एकाच गवयाच्या गळ्यात दोन बासऱ्या! अमेरिकेतील एक रानकस्तूर तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन निराळे सूर काढतो, असे ध्वनिमुद्रणांवरून सिद्ध झाले आहे.

पाचोळ्याचे पदार्थविज्ञान

कस्तुराचे सारे जेवण जमिनीवर असते. किडे, कोळी, गांडुळे, गोगलगाई आणि खाली पडलेली फळे हे त्याचे अन्न. थोडे धावायचे, थांबायचे, पाने उलटायची, मान तिरपी करायची, हा त्याचा क्रम. मान तिरपी करून तो काय करीत असेल? कॅनडातील संशोधकांनी १९९७ मध्ये अमेरिकन रॉबिन या कस्तूर-कुळातील पक्ष्यावर प्रयोग केले. मातीत पुरलेल्या अळ्या दिसणार नाहीत, त्यांचा वास येणार नाही आणि त्यांचे कंपन पायांना जाणवणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली. तरीही पक्ष्यांनी अळ्या शोधल्या, आणि त्या केवळ कानांच्या जोरावर! आपल्या कस्तुराची मान तिरपी झालेली दिसली, की मला हा प्रयोग आठवतो.

पण हे किडे आणि ही गांडुळे पाचोळ्यातच का असतात? याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. वाळलेली पाने एकमेकांवर सैलसर पडतात. त्यांच्या मध्ये हवेचे लहान-लहान कप्पे अडकतात. अशी अडकलेली हवा उष्णतेची मंद वाहक असते. म्हणूनच थंडीत गोधडी ऊब देते. गोधडीतील कापूस हवेला धरून ठेवतो. पाचोळा ही जमिनीची गोधडीच होय. फरक एवढाच, की उन्हाळ्यात ती बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. शिवाय ती ऊन अडवते आणि वाऱ्याला जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे बाष्पीभवन कमी होते आणि मातीत ओल टिकते.

आपल्या विदर्भातील काळी माती उन्हाची उष्णता भराभर शोषून घेते. उघड्या काळ्या जमिनीवर मे महिन्यातील दुपारी अनवाणी पाय ठेवून पाहिलेल्यांना हे सांगायला नकोच. अशा जमिनीत गांडूळ वर येईल कशाला? ते खोल निघून जाते. तेच पाचोळ्याखाली मात्र ओल असते, बुरशी असते, बुरशी व कुजलेली पाने खाणारे किडे असतात आणि त्या किड्यांना खाणारे कोळी असतात. या साखळीच्या एका टोकाला झाडाचे पान आहे आणि दुसऱ्या टोकाला कस्तूर.

हे तुम्हांला स्वतःही पडताळून पाहता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन सारखे तापमापक मागून घ्या. आधी दोन्ही एकत्र ठेवून ते सारखेच तापमान दाखवतात ना, हे पाहा. मग एक उघड्या मातीत दोन सेंटिमीटर खोल रोवा आणि दुसरा पाचोळ्याखालच्या मातीत तेवढाच खोल रोवा. सकाळी आठला, दुपारी दोनला व संध्याकाळी सहाला दोन्ही तापमाने वहीत लिहा. आठवडाभर हे केल्यावर आलेख काढा. कोणती रेषा जास्त वरखाली होते ते पाहा. मात्र एक सूचना: पाचोळ्यात थेट हात घालू नका. तिथे विंचूही राहतो. पाने काडीने बाजूला करावी.

आता माझीच एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आमचा कस्तूर फेब्रुवारीअखेरपर्यंत जवळजवळ रोज आला. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत आम्ही परसातील सारा पाचोळा गोळा केला आणि पेटवून दिला. परस अगदी लख्ख दिसू लागले. त्या हिवाळ्यात कस्तूर आला नाही.

आग लागते कुठून?

घराच्या परसात जे घडले, तेच मोठ्या प्रमाणावर रानात घडते. वर्धा जिल्ह्यातील बोरचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. साग, ऐन, तेंदू, पळस, बांबू यांचे हे शुष्क पानझडी जंगल. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाची मोठमोठी पाने गळतात आणि सारे रान पाचोळ्याने भरून जाते. नाल्यांच्या काठी जांभूळ, उंबर, अर्जुन यांची सावली असते. तिथे ओल अधिक काळ टिकते. कस्तूर शोधायचा तो अशा ठिकाणी.

पण हाच काळ वणव्याचा. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटते, या समजुतीनेही आग लावतात. ती आग पुढे सरकते. मोठी झाडे सहसा वाचतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याला जंगल उभेच दिसते. मात्र जमिनीची गोधडी जळून गेलेली असते.

मोहफुले वेचणारी माणसे काही रानाची शत्रू नव्हेत. त्या चार आठवड्यांच्या कमाईवर त्यांच्या घरचे बरेचसे खर्च चालतात. झाडाखाली जाळे किंवा जुने कापड पसरले, अथवा पाने झाडून बाजूला केली, तरी फुले वेचता येतात, आणि ती मातीत न पडल्याने स्वच्छही राहतात. अशी जाळी त्यांना मिळावीत हा उपाय दंड करण्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे.

नाव का बदलले?

आता एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळू. या पक्ष्याचे शास्त्रीय नाव शोधायला तुम्ही ग्रंथालयात गेलात तर गोंधळून जाल. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी १७९० मध्ये त्याला ‘टुर्डस सिट्रिनस’ असे नाव दिले. ‘सिट्रिनस’ म्हणजे लिंबाच्या जातीच्या फळासारख्या रंगाचा. सालोमन म्यूलर यांनी १८३६ मध्ये ‘जिओकिच्ला’ ही प्रजाती मांडली. ग्रीक भाषेत ‘जिओ’ म्हणजे भूमी आणि ‘किच्ले’ म्हणजे कस्तूर. पुढे ही प्रजाती ‘झूथेरा’ या दुसऱ्या प्रजातीत विलीन करण्यात आली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनी भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांवर लिहिलेल्या, १९६८ ते १९७४ या काळात निघालेल्या दहा खंडांच्या ग्रंथात तो ‘झूथेरा सिट्रिना’ आहे. आणि आजच्या पुस्तकांत? पुन्हा ‘जिओकिच्ला सिट्रिना’!

‘सिट्रिनस’चे ‘सिट्रिना’ का झाले, हे मराठी मुलांना चटकन कळावे. आपण ‘पांढरा घोडा’ आणि ‘पांढरी गाय’ म्हणतो, तसेच लॅटिनमध्येही विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते.

पण प्रजातीच का बदलली? पूर्वी शास्त्रज्ञ पक्ष्याचे रूप पाहून नाते ठरवीत. चोच, पाय, पिसांची नक्षी, पिलांच्या अंगावरचे ठिपके ही त्यांची साधने. आता जनुकद्रव्याची, म्हणजे डी.एन.ए.ची तुलना करता येते. ती कशी, हे एका उदाहरणाने पाहू. वर्गातील चाळीस मुलांनी गणिताचा गृहपाठ आणला. दोन वह्यांत एकाच ओळीत एकच विचित्र चूक सापडली. गुरुजी काय ओळखतील? या दोन्ही वह्या एकाच मूळ वहीवरून उतरल्या आहेत! जनुकद्रव्याची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होत असते आणि नक्कल करताना अधूनमधून बारीक फरक पडतात. ज्या दोन जातींत असे सारखे फरक जास्त, त्यांचा पूर्वज अलीकडचा.

या शतकाच्या पहिल्या दशकात अशी तुलना झाली, तेव्हा ‘झूथेरा’त घातलेले सर्व पक्षी एका घराण्यातले नाहीत असे दिसून आले. आपल्या नारिंगी कस्तुराचे घराणे वेगळे निघाले आणि त्याला म्यूलर यांचे जुने नाव परत मिळाले.

याच तपासणीत आणखी मोठी उलथापालथ झाली. सह्याद्रीच्या ओढ्यांवर पहाटे माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर तुम्ही ऐकला असेल. लोणावळा, माथेरान, महाबळेश्वरकडे तो पावसाळ्यात हमखास ऐकू येतो. हिवाळ्यात खडकांवर, किल्ल्यांवर, जुन्या इमारतींच्या कठड्यांवर दिसणारा निळा कस्तूर तुमच्या ओळखीचा असेल. अंगणातला दयाळ आणि माळावरचा गप्पीदास तर सर्वांनाच ठाऊक आहेत. हे सारे पूर्वी कस्तुरांबरोबर मांडले जात. आता ते माशीमार पक्ष्यांच्या कुळात गेले आहेत. त्यांची मराठी नावे तीच राहिली, कारण नाव देणाऱ्याने रूप पाहिले होते. शास्त्रीय नाव नाते सांगते. नात्याविषयी नवा पुरावा आला की ते बदलावे लागते. यात शास्त्राचा कमीपणा नाही. हिशेबात चूक सापडल्यावर ती दुरुस्त करणारा कारकून अधिक भरवशाचा असतो.

आणि एक गोष्ट पाहा. एवढ्या अदलाबदलीनंतर जे नाव टिकले, त्याचा अर्थ ‘भूमीवरचा कस्तूर’ असा आहे. ज्या भूमीवर तो जगतो, ती त्याच्या नावातच आहे.

‘चिंता नाही’ म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ जगातील प्राण्यांची व वनस्पतींची एक ‘लाल यादी’ ठेवतो. कोणती जाती किती धोक्यात आहे, हे तिच्यावरून कळते. माळढोक त्या यादीत ‘अतिशय संकटग्रस्त’ आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळा ‘संकटग्रस्त’ आहे. आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर? तो सर्वांत खालच्या, म्हणजे ‘किमान चिंते’च्या वर्गात आहे.

हे वर्ग अंदाजाने ठरत नाहीत. त्यांची मोजमापे ठरलेली आहेत. उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, जातीची संख्या ३० टक्के किंवा अधिक घटली, तर ती ‘असुरक्षित’ गणली जाऊ शकते. तिचा प्रदेश २०,००० चौरस किलोमीटरांहून लहान असेल आणि तो घटत, तुटत असेल, तरीही तसेच. कस्तुराचा प्रदेश भारतापासून इंडोनेशियापर्यंतचा. त्यामुळे साऱ्या जगाचा हिशेब धरला, तर तो आज धोक्याच्या रेषेजवळ येत नाही.

परंतु सरासरी ही फसवी असू शकते. वर्ध्याचे वर्षभराचे सरासरी तापमान पाहून कोणी मे महिन्यात दुपारी टोपीवाचून बाहेर पडेल काय? जगाच्या यादीतील वर्गाचेही तसेच आहे. इंडोनेशियात या पक्ष्याला ‘आनिस मेराह’ म्हणतात. तिथे गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धा भरतात आणि त्यांत याला फार मागणी होती. त्यापायी जावा व बाली बेटांवर तो इतका पकडला गेला, की पूर्वी जिथे सहज दिसे तिथे आता दुर्मिळ झाला आहे. त्याचा गोड गळाच त्याला भोवला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. असा रानपक्षी पकडणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पण पिंजऱ्यावर बंदी घालता येते, तशी काड्यापेटीवर घालता येत नाही. ‘किमान चिंता’ याचा अर्थ ‘जगातून जाण्याचा धोका आज नाही’ एवढाच. तो आपल्या गावातून, आपल्या नाल्याकाठून जाणार नाही, असे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, पाचोळा जाळू नका. सगळे अंगण पानांनी भरून ठेवा, असे मी म्हणत नाही. दारात झाडलोट हवीच. पण परसातील किंवा शाळेच्या आवारातील एखादे मोठे झाड निवडा आणि त्याच्या खालची पाने तशीच राहू द्या. उरलेली खड्ड्यात घालून खत करा. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी जिथे ग्रामोद्योगांचे काम केले, त्या वर्ध्यात खताची महती सांगणे म्हणजे पिकल्या आंब्याला गूळ लावणे!

दुसरी गोष्ट, नोंद ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी काय करीत होता आणि गालावर पट्टे होते की नव्हते, एवढे पुरे. न दिसल्याचीही नोंद हवी. ती अनेकजण विसरतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्षी मोजण्याचा कार्यक्रम होतो. भारतात तो २०१३ पासून होत आहे. वडीलधाऱ्यांच्या मदतीने तुम्हीही त्यात भाग घेऊ शकता.

आता आमच्या परसाविषयी. पाचोळा जाळला त्याच्या पुढच्या वर्षापासून आंब्याखालची पाने आम्ही हलवलेली नाहीत. पहिल्या हिवाळ्यात सातभाई आले, दयाळ आला. कस्तूर आला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीतील चार सकाळी खसखस ऐकू आली आणि सावलीत नारिंगी रंग दिसला. तो पूर्वीचाच होता की दुसरा, हे मी सांगू शकत नाही. पाचोळा होता म्हणूनच तो आला, असेही मला म्हणता येणार नाही. एका परसातील तीन-चार हिवाळ्यांवरून नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी पुष्कळ परसे हवीत, पुष्कळ वह्या हव्यात.

तुमची वही त्यांतली एक असू द्या. आणि यापुढे वाळक्या पानांत खसखस झाली, तर पळून जाण्यापूर्वी दुरूनच पाच मिनिटे स्तब्ध उभे राहून पाहा.